ऑटोमॅटिक डिजिटल स्टेशन: वेगळी पट्टी, अरुंद सिग्नल, की शेजारी माणूस?

सांगली-मिरजेकडच्या काही हॅम (हौशी रेडिओवाल्या) लोकांच्या डोक्यात सध्या एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हवर, मेलबॉक्स (निरोप साठवून देणारं स्टेशन) लावायचं चाललंय. म्हणजे रिग (रेडिओ संच) आणि कॉम्प्युटर चोवीस तास चालू, कुणी हाक मारली की आपोआप उत्तर, शेजारी कुणी बसलेलं नाही. लायसन्सच्या अटी तर आहेतच, त्या डब्ल्यूपीसीकडून (केंद्र सरकारचं वायरलेस लायसन्सचं खातं) नीट विचारून घ्या, पण बँडवर (हॅमसाठी ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर) दुसऱ्याला ताप नको म्हणून आपण स्वतःला कुठला नियम लावून घ्यायचा हा खरा प्रश्न आहे, आणि बाहेर यावर दोन-तीन पद्धती चालतात त्या शेजारी ठेवून बघितल्या की बरंच कळतं.

अमेरिकेत एकाच कलमात दोन वाटा दिल्यात. पहिली वाट अशी की ऑटोमॅटिक स्टेशनला बँडमध्ये ठरलेली पट्टी, उदाहरणार्थ २० मीटरच्या बँडवर १४.०९५० ते १४.०९९५ आणि परत १४.१००५ ते १४.११२ मेगाहर्ट्झ. मधे जी फट सोडलीय ती १४.१०० वरच्या बीकनसाठी (ठरलेला सिग्नल आपोआप पाठवत राहणारी स्टेशनं), १८ स्टेशनं एकामागून एक १०-१० सेकंद वाजतात आणि ३ मिनिटांत फेरी पूर्ण होते, आपल्याला जवळचा म्हणजे श्रीलंकेचा. कधी ऐकून बघा, बँड उघडा आहे का हे कळायला याच्याइतकं सोपं काही नाही.

दुसरी वाट म्हणजे पट्टीच्या बाहेर, डेटाला परवानगी आहे तिथं कुठंही चालेल, पण सिग्नल ५०० हर्ट्झपेक्षा रुंद नको आणि स्टेशननं स्वतःहून सुरुवात करायची नाही, माणूस चालवतोय अशा स्टेशननं बोलावलं तरच उत्तर द्यायचं. वाचायला लई शहाणपणाचं वाटतं. बोलावणारा माणूस आधी ऐकेल, मोकळं असेल तरच बोलावेल, मग भांडण कशाला, असा हिशोब.

पण तो हिशोब एचएफवर जमत नाही. समजा मी मिरजेतून २० मीटरवर सिंगापूरकडच्या मेलबॉक्सला बोलावतोय आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर पुण्याचा कुणीतरी सिंगापूरशीच मोर्समध्ये बोलतोय. पुणं मला स्किपमुळे (सिग्नल जवळच्यांना ओलांडून लांब पडतो) ऐकूच येत नाही, सिंगापूरवाला पुण्याचंच ऐकत बसलाय म्हणून गप्प, मला वाटतं मोकळं आहे, मी बोलावतो आणि तिकडचं मशीन इमानदारीत उत्तर द्यायला लागतं. पॅक्टर (खास मोडेमवर चालणारी डेटाची पद्धत) असेल तर सव्वा-सव्वा सेकंदाची चर्र-टिक, चर्र-टिक सुरू, आणि पुण्याच्या माणसाचा क्यूएसओ (संभाषण) तिथंच मेला. त्यानं शिव्या कुणाला घालायच्या, समोर माणूसच नाही की! म्हणजे ऐकायची सोय उत्तर देणाऱ्या टोकाला पाहिजे, बिझी डिटेक्टर (फ्रिक्वेन्सी वापरात आहे का ते ओळखणारी सोय) लावून आणि तो चालू ठेवून. रुंदी २०० हर्ट्झ असो की ५००, त्यानं हे दुखणं जात नाही.

युरोपचा समावेश असलेल्या आयएआरयू (हॅम संघटनांची जागतिक संघटना) रीजन १ चा बँड प्लॅन आणखी कडक बोलतो. पट्ट्या तिथंही आहेत, पण वर असंही म्हटलंय की एचएफवरचं माणसाविना प्रक्षेपण ऑपरेटरच्या ताब्यातच सुरू व्हावं, ठरलेले बीकन आणि खास परवानगीचे प्रयोग सोडून. आपण रीजन ३ मध्ये येतो, तरी मला मनापासून हेच पटतं. अडचण एवढीच की रात्री दोन वाजता शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) बसणार कोण.

एफटी८ ला (कॉम्प्युटरवरून चालणारी डिजिटल पद्धत) यात ओढू नका. तिथं प्रोग्राम पुढचं पुढचं पाठवत असला तरी क्यूएसओ सुरू माणूसच करतो, निदान मूळ प्रोग्राममध्ये तरी.

पैशाचं म्हणाल तर पॅक्टरचा नवा मोडेम लाखाच्या पुढं जातो, व्हाराला (तसंच काम करणारा प्रोग्राम) साउंडकार्ड पुरतं, फुकटची आवृत्ती हळू चालते एवढंच, आणि त्यात ५०० हर्ट्झचा मोडही आहे. अमेरिकेनं २०२३ मध्ये एचएफवरची ३०० बॉडची (सेकंदाला ३०० चिन्हं) मर्यादा काढून २.८ किलोहर्ट्झ रुंदीची घातली, त्यामुळे तिकडं रुंद मोडला रान मोकळं झालं. माझ्या मते त्यानंतर पट्टी जास्तच गरजेची झाली, कमी नाही.

आता आपल्याकडचं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हाची सांगली आठवा आणि मग विचार करा की मेलबॉक्स गावभागातल्या एखाद्या घरात ठेवून काय उपयोग, लाईट गेली की तोच पहिला बंद पडणार. पूर येतो तिथं माणूस, बॅटरी आणि साधी वायर अँटेना पाहिजे, आपोआप चालणारं स्टेशन पाहिजे ते कोरड्या जागी, लांब.

तर मला विचाराल तर एचएफवर पट्टीच्या बाहेर ऑटोमॅटिक काही लावूच नका, पट्टीत लावलंत तरी डिटेक्टर चालू ठेवा आणि लांबून रिग बंद करता येईल अशी सोय करा, ती ज्याच्या हातात आहे त्याचा मोबाईल नंबर ग्रुपमध्ये सगळ्यांकडे असू दे. आणि गावातल्या गावात निरोप फिरवायचे असतील तर परवानगी काढून दंडोबाच्या डोंगरावर व्हीएचएफ (जवळच्या पल्ल्याच्या) पॅकेटचा नोड (डेटाचे निरोप पुढं पाठवणारं स्टेशन) बसवा, तिथं जवळपास सगळे एकमेकांना किंवा निदान त्या नोडला ऐकतात, त्यामुळे हे वरचं अर्धं भांडण तिथं होतच नाही.