फॅमिलीसर्चवर पणजोबांचा शोध: काही महिन्यांच्या वापरानंतर

पणजोबांचं आयुष्य जुन्या नोंदींतून जुळवण्यासाठी गेले काही महिने फॅमिलीसर्च ही जुन्या कौटुंबिक नोंदींची वेबसाइट वापरतोय. खातं उघडायला आणि नोंदी बघायला पैसे पडत नाहीत. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सशी संलग्न संस्था हे चालवते. १९३८ पासून जमवलेली मायक्रोफिल्मची (जुन्या कागदपत्रांचे बारीक फोटो असलेल्या फिल्मची) सुमारे २४ लाख रिळं त्यांनी २०२१ मध्ये डिजिटल करून संपवली, त्यामुळे साठा प्रचंड आहे.

नाव टाकलं की आधी अनुक्रमणिका, म्हणजे नोंदींतून उतरवलेल्या नावं-तारखांची यादी येते. माझं कळकळीचं सांगणं, तिथे थांबू नका, मूळ पानाचं चित्र उघडा. पणजोबांच्या लग्नाची नोंद अनुक्रमणिकेत नवरा, नवरी आणि तारीख एवढीच होती. पानावर मात्र वडिलांच्या नावापुढे ‘मयत’, धंद्याच्या रकान्यात ‘सुतार’, सहीच्या जागी फुली, आणि साक्षीदारांत त्यांच्या आईच्या माहेरचं आडनाव! पुढे मुलाच्या जन्माच्या नोंदीत फुली नाही, सही आहे. अक्षरं सुटी सुटी, जोर देऊन काढलेली. मधल्या वर्षांत माणूस लिहायला शिकला होता. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या पानापाशी मी फार वेळ बसलो.

नावाचं स्पेलिंग दर वहीत बदलतं. शंका असलेल्या एका अक्षराच्या जागी ? आणि अनेक अक्षरांच्या जागी * टाकून बघा. अनुक्रमणिका नसलेल्या वह्या कॅटलॉगमध्ये गावाच्या नावाने सापडतात. मग एकेक पान उलटायचं. काम चिकाटीचं, पण मला सगळ्यात मोलाचं तिथेच मिळालं. काही चित्रं घरून उघडत नाहीत, फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जावं लागतं.

मृत्यूच्या नोंदीतली मृत्यूची तारीख सहसा भरवशाची, पण वय सांगणाऱ्याच्या आठवणीवर असतं. जन्मसाल त्यावरून पक्कं धरू नका, जन्माच्या जवळच्या काळातली नोंद शोधा.

इथला वंशवृक्ष सगळ्यांचा सामाईक आहे. मृत व्यक्तीच्या माहितीत कुणीही बदल करू शकतं. म्हणून प्रत्येक माहितीला मूळ नोंद जोडा, आणि त्या व्यक्तीला ‘फॉलो’ करून ठेवा, म्हणजे झालेले बदल कळतात. चित्र उतरवून घेताना वहीचं नाव, साल आणि पान क्रमांकही सोबत लिहा. पुढे घरातल्या कुणाला तेच पान पुन्हा काढायचं झालं, तर याच खुणा लागतील.