रामेन रेस्तराँ, काही महिन्यांनंतर: काउंटरवर बसा, सूप आधी चाखा

रामेनच्या, म्हणजे जपानी नूडल्स-सूपच्या, दुकानाबद्दल पहिल्या भेटीनंतर लिहून फारसा उपयोग नसतो. उघडं किचन, वाफ, लाकडी काउंटर, मोठ्या आवाजातली गाणी, त्या दिवशी सगळंच आवडतं. खरी पारख होते ती आठवड्याच्या मधल्या निवांत दुपारी आणि शनिवारी रात्रीच्या गर्दीत तोच बाऊल मागवल्यावर. वस्तीतल्या या रेस्तराँत काही महिने नियमित जेवल्यावर मत पक्कं झालंय: सूप उत्तम, नूडल्स त्याहून चांगल्या, आणि जे बिघडतं ते बहुतेक वेळेच्या गणितात बिघडतं.

म्हणून आधी जागेबद्दल. काउंटरवर स्टूल रिकामं असेल तर टेबलासाठी थांबू नका. काउंटरवर बाऊल भरल्या भरल्या समोर येतो. टेबलावर चौघांची ऑर्डर एकत्र न्यायची म्हणून पहिला बाऊल दोन-तीन मिनिटं तसाच पडून राहतो, आणि तोन्कोत्सूच्या (डुकराच्या हाडांच्या दाट सूपच्या) बारीक नूडल्सना मऊ पडायला तेवढा वेळ पुरतो. हाकाता (जपानमधल्या फुकुओका शहराचा भाग) पद्धतीच्या या नूडल्सचं पीठ फार कोरडं मळतात, पिठाच्या वजनाच्या साधारण 26 ते 30 टक्केच पाणी. त्या मिनिटभराच्या आत शिजतात आणि बाऊलमध्ये पडल्यावरही सूप ओढत राहतात. काउंटरवर ‘काता’ म्हणजे जरा कडक, टेबलावर ‘बारीकाता’ म्हणजे खूपच कडक, असं सांगा. इथे न सांगता मिळतो तो मधला ‘फुत्सू’, आणि गर्दीत तो टेबलावर मऊच पोचतो.

नूडल्स आणखी हव्या असतील तर काएदामा, म्हणजे नूडल्सचा जादा वाढा, मिळतो. फुकुओकाच्या नागाहामा मासळीबाजारात घाईतल्या कामगारांसाठी ही पद्धत रुळली: थोड्या नूडल्स, झटपट शिजवलेल्या, आणि लागल्या तर पुन्हा. निम्म्याहून जास्त सूप शिल्लक असतानाच मागवा. निथळूनही थोडं पाणी सोबत येतंच आणि सूप फिकं पडतं. काउंटरवरच्या बाटलीतला खारट अर्क चमचाभर घातला की चव सावरते.

त्या अर्काला ‘तारे’ म्हणतात, आणि इथल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ त्यात आहे. सूपच्या मोठ्या भांड्यात मीठ जवळपास नसतंच. ते सगळं बाऊलच्या तळाशी आधी ओतलेल्या या अर्कात असतं. 300 मिलीलिटर सूपला साधारण 30 मिलीलिटर. पाच मिलीलिटर इकडेतिकडे झालं की जिभेला लगेच कळतं. रात्री उशिरा तोन्कोत्सू घट्ट आणि उग्र लागतं, कारण भांडं दिवसभर आचेवर आटलेलं असतं. पण त्याच वेळी ते खारट लागलं, तर दोष आटण्याचा नाही, घाईत मापाचा चमचा बाजूला ठेवून अंदाजाने ओतण्याचा. काहीही ढवळण्याआधी एक चमचा सूप चाखा. खारट असेल तर गरम सूप वाढून मागा. इथले लोक कुरकुर न करता देतात, ही या जागेची मोठी जमेची बाजू आहे.

तोन्कोत्सूसाठी डुकराची हाडं बारा तास किंवा त्याहूनही जास्त वेळ खळखळ उकळावी लागतात. त्यातून सुटलेलं जिलेटिन चरबीला पाण्यात धरून ठेवतं, म्हणून सूप दुधाळ दिसतं आणि ओठ किंचित चिकटतात. वर पिवळा तवंग वेगळा आणि खाली पाणचट रस असं दिसलं तर सूपमध्ये पाणी वाढवलंय असं समजा. गेल्या काही महिन्यांत हे क्वचितच दिसलं, आणि दिसलं ते शनिवारी शेवटच्या तासात.

तरीही इथला सर्वांत चांगला बाऊल शोयूचा, म्हणजे सोया सॉसच्या चवीचा, आहे. कोंबडीचं नितळ सूप, उकळी फुटू न देता काढलेलं, त्यात कोम्बू (सुकवलेलं समुद्री शेवाळ) आणि सुक्या बोनिटो माशाची जोड. कोम्बूतलं चव वाढवणारं ग्लुटामेट जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांनी 1908 साली ओळखलं. बोनिटोतल्या इनोसिनेट या तशाच दुसऱ्या घटकाबरोबर ते आलं की दोन्हींची बेरीज होईल त्याहून कितीतरी जास्त चव लागते. इथे ते मनापासून जमवलंय. कोम्बू उकळीपर्यंत भांड्यात राहिला तर बुळबुळीत आणि कडवट होतो, तसं इथे कधी जाणवलं नाही. नूडल्स जरा जाड, सूप सावकाश ओढणाऱ्या. गप्पा मारत जेवणाऱ्यांनी हाच मागवावा.

मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचा) बाऊल मात्र गर्दीच्या वेळी टाळा. भाज्या कढईत मोठ्या आचेवर परतायच्या असतात. चार बाऊलच्या भाज्या एकदम टाकल्या की त्या पाणी सोडतात आणि सूप पांचट होतं. दुपारी तोच बाऊल दमदार लागतो.

नूडल्स उकळायच्या पाण्याकडेही लक्ष ठेवा, काउंटरवरून ते दिसतं. नूडल्समधल्या कान्सुईमुळे (सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट) त्यांना पिवळसर रंग आणि चिवटपणा येतो. पण तास-दोन तास तेच पाणी वापरलं की पीठ आणि क्षार त्यात साठतात, नूडल्स बाहेरून बुळबुळीत होतात आणि साबणासारखा वास येतो. इथे पाणी दुपार आणि संध्याकाळ यांच्या मध्ये बदलतात. संध्याकाळी उघडल्यानंतरचा पहिला तास म्हणूनच सर्वांत चांगला.

त्सुकेमेनच्या, म्हणजे वेगळ्या वाटीतल्या दाट सूपमध्ये बुडवून खायच्या, जाड नूडल्सना आठ-दहा मिनिटं लागतात, तेव्हा सोबत्याने तोन्कोत्सू मागवलं असेल तर त्याचं संपल्यावर तुमचं येईल. नूडल्स थंड असतात. अर्ध्याच बुडवा, नाहीतर वाटीतलं सूप पाच मिनिटांत कोमट होतं. शेवटी ‘सूप-वारी’ मागा, उरलेल्या दाट सूपमध्ये पातळ दाशी (कोम्बू-बोनिटोसारख्यांचा रस) ओतून देतात आणि ते पिता येतं.

अंड्याबाबत सुधारणा झाली आहे. सुरुवातीला पांढरा भाग तपकिरी आणि रबरासारखा असायचा, म्हणजे सोया सॉसमध्ये गरजेपेक्षा जास्त मुरलेला. आता बलक जॅमइतका घट्ट आणि पांढरा भाग मऊ असतो. चाशूचे (शिजवलेल्या डुकराच्या मांसाचे) काप फ्रिजमधून थेट येतात, ते नूडल्सखाली अर्धा मिनिट दाबून ठेवा. जादा थंड टॉपिंग एकाहून अधिक घेऊ नका, सूप त्यानेच गार होतं.

शाकाहारी बाऊल सोया दूध आणि तिळाचा आहे, चवीला भरीव. त्याचा अर्क बोनिटोशिवाय वेगळा करतात, पण नूडल्स सगळ्यांबरोबर एकाच पाण्यात उकळतात. काटेकोर शाकाहारी असाल तर हे आधी लक्षात घ्या. ग्लूटेन टाळणाऱ्यांसाठी इथे काहीच नाही. नूडल्स गव्हाच्या आणि साध्या सोया सॉसमध्येही गहू असतो.

सूपसकट संपूर्ण बाऊलमध्ये मीठ सहज पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमपेक्षा कमी आहे. सूप उरवलं तर त्यातलं बरंचसं मीठ बाऊलमध्येच राहतं. इथे उरवल्याबद्दल कुणी काही म्हणत नाही.

घरी मागवायचं असेल तर सूप नसलेला माझेसोबा घ्या, किंवा नूडल्स वेगळ्या बांधून मिळतील असं शोयू. घरी सूपला चांगली उकळी आणा, नूडल्सवर उकळतं पाणी दहा-पंधरा सेकंद ओतून मोकळ्या करा, पूर्ण निथळा आणि मगच सूपमध्ये सोडा. बारीक नूडल्सचं तोन्कोत्सू घरी मागवू नका.