हीरोक्वेस्ट: १९८९चा जुना संच की २०२१चा नवा?

हीरोक्वेस्ट हा वीरांनी अंधारकोठडीत राक्षसांशी लढण्याचा बोर्ड गेम. दोन्ही संचांत खेळ जवळपास तोच, मोहिमाही १४च. खरा फरक सामानात आहे. जुना सेकंडहँड संच घेताना आधी फर्निचर तपासा. त्यावरचे उंदीर आणि कवट्या सुट्या असल्याने बहुधा हरवलेल्या असतात, पुठ्ठ्याचे भाग कोपऱ्यांना फाटलेले. नव्यात फर्निचर पूर्ण प्लास्टिकचं, फार छान, पण छोट्या प्लास्टिक मूर्तींच्या तलवारी वाकलेल्या निघतात. गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, सरळ करा आणि तशाच धरून थंड पाण्यात घाला.

जुन्या युरोपीय आवृत्तीत साधे राक्षस एका घावात पडतात. नव्यात ममीला २, गार्गॉइलला ३ लागतात. लढत जास्त रंगते.

नियमित खेळायचं असेल किंवा झारगॉन (राक्षसांच्या बाजूने खेळणारा खलनायक) व्हायला कुणी नसेल, तर नवाच घ्या. ते काम मोफत अ‍ॅप करतं. जुना संग्राहकांसाठी, तोही पूर्ण असेल तरच.