शंकरनगरचं करिअर काउन्सेलिंग, नोकरी करणाऱ्यांनी नक्की जा

आधी थोडं माझ्याबद्दल म्हणजे रिव्ह्यू कोणाच्या कामाचा आहे ते कळेल. एमएस्सी केमिस्ट्री, हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये (माल विकायला जायच्या आधी त्याची क्वालिटी तपासतात ती) नोकरी, वय 29. पगार वेळेवर होतो, लोकं चांगली आहेत, पण पुढे काय हे काही केल्या सुचत नव्हतं. घरी बाबांचं एकच, "काऊन नाही देत एमपीएससी?", मैत्रिणी म्हणतात एमबीए कर, मावशी म्हणते पुण्याला जा, आणि सगळे आपल्या भल्यासाठीच सांगून राहिले त्यामुळे कोणाला नाही म्हणणं पण कठीण. लॅबमधल्या एका ताईनी या मॅडमचं नाव सुचवलं. नागपुरात दहावी-बारावीच्या पोरांसाठी काउन्सेलर भरपूर भेटतात, पण नोकरी करणाऱ्या माणसाला शांतपणे वेळ देणारं कोणी मला तरी आधी भेटलं नव्हतं.

पहिल्या सिटिंगच्या आधीच मॅडम होमवर्क देतात. एक आठवडा, रोज, कामाच्या ठिकाणी कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही आणि कोणत्या कामात सारखं घड्याळाकडे लक्ष गेलं, एवढंच वहीत लिहायचं. मला वाटलं याच्यानी काय होणार, पण लिहिलं. माझ्या वहीत पहिल्या रकान्यात आलं कॅलिब्रेशनचं रजिस्टर लावणं, एका टेस्टचे रिझल्ट दोन इन्स्ट्रुमेंटवर वेगळे येत होते तर कारण शोधणं, नवीन पोरीला टायट्रेशन शिकवणं. दुसऱ्या रकान्यात बॅच लवकर सोडा म्हणून प्रोडक्शनवाल्यांचे फोन, फक्त फोन. मॅडमनी वही वाचली आणि म्हणाल्या, "तुला केमिस्ट्री सोडायचीच नाहीये बेटा, मग एमबीए कशासाठी म्हणतेस?" एवढ्या दिवसांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता.

टेस्ट पण घेतात. जॉन हॉलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आवडीचे सहा प्रकार मांडलेत त्यावरची, हाताचं काम, शोधक काम, कला, लोकांमधलं काम, धंदा-पुढारपण आणि नोंदी-शिस्तीचं काम. माझं शोधक आणि नोंदीचं वर आलं, जे वहीत दिसतच होतं. मॅडम स्वतःच सांगतात की ही आवडीची टेस्ट आहे, तुम्हाला ते काम जमेल का किंवा त्यात पगार किती हे यातून कळत नाही, आणि याच पद्धतीची ओनेट नावाची 60 प्रश्नांची टेस्ट अमेरिकन सरकारच्या लेबर खात्याच्या मदतीनी नेटवर फुकट आहे, इंग्लिश चालत असेल तर घरीच द्या आणि रिझल्ट घेऊन या. हे मला फार आवडलं. कारण माझ्या भावाला दुसऱ्या एका ठिकाणी बोटांचे ठसे घेऊन भलामोठा रंगीत रिपोर्ट दिला होता आणि त्यावरून सायन्स घेऊ नको म्हणून सांगितलं होतं. बोटांच्या रेषांवरून करिअर सांगायला काहीही शास्त्रीय आधार नाही, आणि ते पैसे आईनी आरडीतून काढून भरले होते, अजूनही आठवलं की राग येतो.

दुसऱ्या सिटिंगला मॅडमनी विचारलं की पगार सोडून कामातून काय पाहिजे. मी सांगितलं पाणी. माझं आजोळ यवतमाळ जिल्ह्यात आहे, तिकडे काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, लहान पोरांच्या दातांवर डाग मी स्वतः पाहिलेत. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर जास्तीत जास्त दीड, हे आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिहिलेलं आहे, पण गावातल्या माणसाला ते कळणार कसं, कोणीतरी नीट टेस्ट करून खरा आकडा दिला तरच ना. हे बोलताना माझा आवाज भरून आला आणि मॅडमनी मधे एक शब्द टाकला नाही.

मग त्यांनी खरं काम लावलं. पाणी-हवा तपासायच्या या लाइनमध्ये आज नोकरी करणाऱ्या लोकांना स्वतः भेटायचं, नोकरी मागायची नाही, फक्त विचारायचं की दिवस कसा जातो, सगळ्यात कंटाळवाणं काय, पाच वर्षांनी लोकं कुठे पोचतात. एक जण नीरीत, म्हणजे पर्यावरणावर काम करणाऱ्या सरकारी संशोधन संस्थेत, प्रोजेक्टवर काम केलेला भेटला, त्यानी सरळ सांगितलं काम मस्त शिकायला मिळतं पण पोस्ट कंत्राटी, प्रोजेक्ट संपला की पुन्हा शोधा. एक दादा स्टॅक मॉनिटरिंगवाले, म्हणजे कारखान्याच्या चिमणीतला धूर तपासणारे, ते सामान घेऊन चिमणीच्या शिडीवर चढतात, मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात. त्यांच्याशी बोलल्यावर फील्ड माझ्यासाठी नाही हे पक्कं झालं. आणि एक ताई एनएबीएल (टेस्टिंग लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय बोर्ड) मान्यता असलेल्या पाण्याच्या लॅबमध्ये क्वालिटी मॅनेजर, त्यांचं काम ऐकताना मी वहीतलाच पहिला रकाना ऐकून राहिली असं वाटलं. मेथड व्हॅलिडेशन म्हणजे टेस्टची पद्धत बरोबर चालते का ते तपासणं, अनसर्टन्टीचं म्हणजे आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं गणित, इंटर्नल ऑडिट, चुकीचा रिझल्ट बाहेर जाऊ नये म्हणून अडून बसणं.

तिसऱ्या सिटिंगला प्लॅन. एक पान, जास्त नाही. वर्षाचं टार्गेट एकच, पाण्याच्या एनएबीएल लॅबमध्ये क्वालिटीच्या कामाला लागणं. तीन महिन्यांचं, आयएसओ 17025 या टेस्टिंग लॅबच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं 2017 चं व्हर्जन पूर्ण वाचणं आणि इंटर्नल ऑडिटचं ट्रेनिंग, ते चारेक दिवसांचं असतं. आणि आठवड्याचं जर-तर करून लिहायचं, जर सेकंड शिफ्ट लागली तर सकाळी 9 ते 10 वाचन, जर फर्स्ट लागली तर रात्री जेवणाआधी. मॅडम म्हणाल्या नुसतं "वेळ मिळाला की वाचीन" असं ठरवलेलं टिकत नाही, कधी आणि कुठे ते आधीच लिहिलं तर टिकतं, आणि माझ्या बाबतीत टिकून राहिलंय. पैशाचा हिशोब पण त्याच पानावर, घरखर्च, हप्ते, आणि नवीन ठिकाणी सुरुवातीला पगार कमी मिळाला तर किती महिने निभेल. तो आकडा दिसल्यावर भीती बरीच कमी झाली. बाबांना पण तेच पान दाखवलं, त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरं, हे कागदावर आहे तर पाहू."

आता कमी काय वाटलं ते. लेखी रिपोर्ट पूर्ण इंग्लिशमध्ये देतात, मराठीत पाहिजेच, घरच्यांना वाचायला देता येत नाही ना. वेळ पाळत नाहीत, आधीच्या माणसाचं बोलणं लांबलं की आपण बाहेर बसून राहा, वर बसायची जागा पण लहान. फी तीन सिटिंगची 3500, एकरकमी घेतात, आमच्यासारख्यांना हप्त्यात घेतली तर बरं होईल, पण तीन महिन्यांनी फोन करून कुठवर आलं विचारतात तो त्यातच आहे. आणि तुम्हाला फक्त "मला काय सूट होईल सांगा" एवढंच पाहिजे असेल तर जाऊ नका, इथं फिरायचं, लोकांना भेटायचं काम तुम्हालाच करावं लागते. स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शन पण नाही, ते विचारलं तर त्या सरळ दुसरीकडे जा सांगतात.

मला पाचपैकी साडेचार द्यायचे होते, इथं अर्धा स्टार नाही म्हणून पाच दिलेत. शनिवारी गर्दी असते, शिफ्टवाल्यांनी बुधवार मागून घ्या. हिंगण्याकडून येणाऱ्यांना लोकमान्य नगरहून अॅक्वा लाइन मेट्रो सोपी, शंकरनगर चौकात उतरून पायी पोचता येते, खाली गाडी लावायला जागा मिळत नाही. वही मात्र पूर्ण आठवड्याची भरून न्या, अर्धवट असली तर मॅडम सिटिंग पुढे ढकलतात.