डीलर ॲप, एक सीझन वापरून: विकलेलं मोजतं, मागितलेलं मोजत नाही

परवा हेल्पलाइनवर पुन्हा वाद झाला, म्हणून लिहायला घेतलं. माझं पंप-मोटारींचं दुकान; कंपनीचं हे ॲप माझी रोजची बिलं बघून कुठल्या मालाचा किती साठा दुकानात ठेवायचा, ती स्टॉक पातळी ठरवतं. त्याने ३ एचपी सबमर्सिबलची (बोअरमध्ये सोडतात ती मोटार) माझी पातळी खाली आणली. कारण काय, तर एप्रिलमध्ये विक्री पडली. विक्री पडली कारण दुकानात माल नव्हता! आमचा सांगोला-पंढरपूरचा पट्टा. एप्रिलमध्ये बोअर तळाला जातात, व्होल्टेज कमी असतं, मोटारी जळतात त्या नेमक्या याच दिवसांत. हेल्पलाइनवरचा मुलगा शांतपणे म्हणतो, ‘सर, सिस्टिममध्ये डिमांडच दिसत नाही.’

हिरवा-पिवळा-लाल काय असतं, हे डीलर मंडळींना सांगायला नको; इतरांसाठी, ॲपमध्ये माल पुरेसा आहे, कमी झालाय की संपत आलाय, ते या रंगांवरून कळतं. जेवढं बिल फाटलं तेवढाच माल डेपोतून निघतो. पहिल्यांदा मला हा प्रकार अजिबात पटला नव्हता. थोडा थोडा माल म्हणजे दरवेळी भाडं, दरवेळी हमाली. दिवाळीनंतर मत बदललं, कारण महिनाअखेरीची जबरदस्ती थांबली. आधी २५ तारीख उलटली की सेल्समन यायचा: टार्गेट भरायचंय, स्कीम आहे, एवढे नग घ्याच. न खपणारे मॉडेल गोडाऊनमध्ये आणि सीसी खात्याचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज माझ्या डोक्यावर. आता गोडाऊनचा एक गाळा रिकामा झाला आणि मी तो भाड्याने दिला. भाडं-हमाली जास्त लागते, पण वाचलेलं व्याज त्याहून मोठं आहे.

यात कंपनीचाही फायदा आहे. स्टॅनफर्डचे हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या डायपरचं उदाहरण मांडलं होतं. बाळांना डायपर रोज साधारण तेवढेच लागतात, पण वितरकांच्या ऑर्डरी भलत्याच वरखाली होत होत्या. आमच्या धंद्यात हेच चालतं. शेतकऱ्याची मोटार स्कीम बघून जळत नाही. पण आम्ही स्कीम बघून उचलणार, कारखाना ती ऑर्डर खरी मानून बनवणार आणि पुढचे दोन महिने सगळे गप्प. शिवाय सीझनला कंपनी निम्माच माल पाठवते, हे ठाऊक असल्याने प्रत्येक डीलर दुप्पट लिहितो. असल्या ऑर्डरीवरून खरी गरज कुणाला कळणार? रोजचं बिल थेट कारखान्याला दिसणं हा त्यावरचा योग्य इलाज आहे, आणि तेवढ्यासाठी ॲपला माझे पूर्ण मार्क.

पण बिल म्हणजे मागणी नव्हे. समजा १० तारखेपर्यंत २० मोटारी गेल्या आणि माल संपला. वेग झाला रोज २. माल यायला ६ दिवस लागतात, म्हणजे किमान १२ नग हाताशी हवेत. ॲप काय करतं? २० ला ३० दिवसांनी भागतं आणि ४ नगांत भागेल असं ठरवतं. पुढच्या महिन्यात माल आणखी कमी, तो आणखी लवकर संपतो, विक्री आणखी पडते. जे सर्वात जास्त खपतं तेच दुकानातून नाहीसं होत जातं. स्पेअरला हा त्रास नाही. बुश, मेकॅनिकल सील, कपॅसिटर, ६२०५ बेअरिंग कधी संपतच नाहीत, त्यामुळे त्यांचे आकडे अगदी बरोबर येतात. हिशेब चुकतो तो फक्त माल शून्यावर गेल्यावर, आणि ॲपची खरी गरज तेव्हाच असते.

दुरुस्ती अवघड नाही. स्टॉक शून्य होता ते दिवस सरासरीतून वगळा. आणि बिलाच्या पानावर ‘मागितलं, नव्हतं’ असं एक बटण द्या. ते येईपर्यंत काउंटरवर मी वही ठेवली आहे. पुतण्या त्यात तारीख, गाव, एचपी, स्टेज (पंपात एकावर एक किती पंखे ते) आणि गिऱ्हाईक थांबलं की दुसरीकडे गेलं, एवढं लिहितो. मे महिन्यात एरिया मॅनेजरला ती वही दाखवली. त्यांनी पानांचे फोटो काढून वर पाठवले आणि माझी पातळी हाताने वाढवून दिली. त्यांचे मनापासून आभार. नंतर पावसाळ्यात ॲपने आपल्या हिशेबाने ती पुन्हा खाली आणली, इथपर्यंत ठीक, पावसाळ्यात मोटार कोण घेतो? पण येत्या सीझनसाठीही तो एप्रिलचाच पडलेला आकडा धरलाय. परवाचा वाद त्यावरूनच.

ॲप सोडणार नाही. वर्षाचे पैसे भरले आहेत, व्याज वाचतंय. नव्याने घेणाऱ्यांनी मात्र फेब्रुवारीत सुरू करू नका, श्रावणात करा, म्हणजे आकडे बसायला वेळ मिळतो. पहिल्या सीझनची पातळी स्वतःच्या जुन्या बिलांवरून काढा, त्यातले माल संपल्याचे दिवस वजा करा आणि तो आकडा मॅनेजरकडून लेखी मंजूर करून घ्या. तोंडी सांगितलेलं हेल्पलाइनवर कुणी ऐकत नाही.