ऑफिसच्या लॅपटॉपवर घरचं रेकॉर्डिंग: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दूरदर्शनच्या फ्री डिशवरचे कार्यक्रम घरच्या जुन्या डेस्कटॉपवर रेकॉर्ड करायचे आणि ऑफिसने दिलेल्या, काहीही इन्स्टॉल करू न देणाऱ्या लॅपटॉपवर निवांत बघायचे, असा उद्योग मी पावसाळ्याच्या तोंडावर सुरू केला. आता घडी बसली आहे, म्हणून लिहितोय. ‘एवढा खटाटोप कशाला, यूट्यूबवर असतंच की सगळं’ हे घरातल्यांकडून पुष्कळ ऐकून झालंय. सगळं नसतं. डीडी भारतीवर भलत्याच वेळी लागणारी जुनी मैफल किंवा सह्याद्रीवरची शेतीविषयक चर्चा नंतर शोधायला गेलं की सापडेलच असं नाही, आणि सापडली तरी तुकड्यातुकड्यांत. शिवाय हॉलमधला टीव्ही संध्याकाळी सातपासून आईचा. त्यावर वाद नाही.

आधी सामान. चौथ्या पिढीचा इंटेल आय-५ असलेला डेस्कटॉप, त्यावर लिनक्स, डीव्हीबी-एस२ ट्यूनर कार्ड (उपग्रहाचा सिग्नल संगणकात घेणारं) आणि टीव्हीहेडएंड हा फुकट मिळणारा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम. फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत आणि त्यावरच्या एमपीईजी-२ वाहिन्या कुलूपबंद नसतात, म्हणून साध्या कार्डावर दिसतात. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. पुण्यातून छत्री, म्हणजे डिश, आग्नेयेकडे बरीच वर तोंड करून बसते. इथे एक गोष्ट डिशवाल्याला आवर्जून सांगा: दोन तोंडांचा एलएनबी (छत्रीसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग) लावायचा. एकाच केबलला स्प्लिटर मारून एक फाटा सेट टॉप बॉक्सला आणि एक कार्डाला दिला, तर १३ की १८ व्होल्ट हे एकच काहीतरी ठरतं, आणि कुठल्या वाहिन्या मिळणार ते या व्होल्टवर अवलंबून असतं. मग आईने चॅनल बदललं की तुमचं रेकॉर्डिंग मेलं. दोन स्वतंत्र केबली असल्या की कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. आणि एकच ट्यूनर असला तरी एका ट्रान्सपॉन्डरवरच्या (म्हणजे उपग्रहावरून एकाच लहरीवर एकत्र येणाऱ्या) तीन-चार वाहिन्या एकाच वेळी रेकॉर्ड होतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दुसरं कार्ड घ्यायची घाई करू नका.

टीव्हीहेडएंडचा पडदा दिसायला पार सरकारी फॉर्मसारखा आहे, पण काम चोख. ब्राउझरमध्ये ९९८१ पोर्टवर उघडतो. रोज ठरावीक वेळेचं रेकॉर्डिंग लावायचं, पुढेमागे पाच-दहा मिनिटं जादा ठेवायची, कारण एखादा थेट कार्यक्रम लांबला की पुढचं सगळं घसरतं.

खरी गंमत लॅपटॉपपाशी सुरू होते. ॲडमिनचे अधिकार नाहीत, यूएसबी बंद, आणि इन्स्टॉल न करता चालणारा व्हीएलसी डाउनलोड फोल्डरमधून उघडायला गेलं तर तेही धोरणात बसत नाही. हाताशी उरतो तो ब्राउझर. हेल्पडेस्कला सरळ विचारलं. उत्तर आलं: कामानंतर ब्राउझर स्वतःसाठी वापरलात तर हरकत नाही, सॉफ्टवेअर टाकायचं नाही, फायली साठवायच्या नाहीत. ही चौकट मी पुढे सगळीकडे पाळली आणि खरं सांगायचं तर तिच्यामुळेच काम सोपं झालं. लॅपटॉपने फक्त दाखवायचं, बाकी सगळा भार घरच्या डेस्कटॉपने उचलायचा.

अडचण अशी, की टीव्हीवरून येणारी फाइल ब्राउझरला पचत नाही. चित्र एमपीईजी-२, आवाज एमपी२, वर चित्र इंटरलेस्ड, म्हणजे आधी एका आड एक ओळी आणि मग उरलेल्या. क्रोमवर असली टीएस फाइल थेट चालत नाही. त्यामुळे ब्राउझरला चालणाऱ्या एच.२६४ (चित्र) आणि एएसीमध्ये (आवाज) रूपांतर करावंच लागतं. सर्वसाधारण सल्ला असा दिला जातो की जेलीफिन हा घरच्या फायली ब्राउझरमध्ये दाखवणारा सर्व्हर बसवा, तो बघता बघता रूपांतर करून पाठवेल. पाठवतोही. जेलीफिन २०१८ च्या अखेरीस एम्बी या तशाच सर्व्हरपासून फुटून निघालेला मुक्त प्रकल्प आहे आणि इंटेलच्या क्विक सिंकचा (प्रोसेसरमधल्या व्हिडिओ रूपांतराच्या सोयीचा) वापर त्यात विनामूल्य होतो. प्लेक्स या त्याच प्रकारच्या सर्व्हरमध्ये तेच करायला आणि टीव्ही रेकॉर्ड करायलाही प्लेक्स पास विकत घ्यावा लागतो. मीही जेलीफिनच बसवला. पण बघता बघता रूपांतर करण्याचा मला कंटाळा आला. दहा मिनिटं पुढे उडी मारली की नवा तुकडा तयार होईपर्यंत गोल फिरणारं चक्र बघत बसायचं. बातम्या बघताना माणूस सारखा उड्या मारतो, त्यामुळे हे फार खटकतं.

म्हणून आता रूपांतर रात्रीच होतं. टीव्हीहेडएंडमध्ये रेकॉर्डिंग संपल्यावर चालवायच्या आदेशाची एक जागा आहे, तिथे %f लिहिलं की फाइलचा पूर्ण पत्ता मिळतो. माझा आदेश तो पत्ता एका यादीत टाकतो, एवढंच. मध्यरात्रीनंतर एफएफएमपेग हा रूपांतर करणारा प्रोग्राम ती यादी उपसतो. एसडी चित्र असल्याने जुन्या प्रोसेसरलाही अर्ध्या तासाची फाइल काही मिनिटांत संपवता येते. मूळ फाइल तासाला साधारण १ जीबी, तयार झालेली त्याच्या निम्म्याच्या आसपास.

यात तीन बारकाव्यांनी सगळा फरक पडला. पहिला म्हणजे इंटरलेस काढणं. यॅडिफ फिल्टर जसाच्या तसा वापरला तर सेकंदाला २५ चित्रं देतो; बीडब्ल्यूडिफ मुळातच प्रत्येक फील्डचं वेगळं चित्र करतो, म्हणजे ५०. कागदावर हा तपशील क्षुल्लक वाटेल. बातम्यांखालची सरकती पट्टी दोन्ही प्रकारे बघा आणि कबड्डीतली एक चढाई बघा, मग परत २५ वर जावंसं वाटणार नाही. दुसरा, ‘फास्टस्टार्ट’. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका एरवी शेवटी लिहिली जाते, या पर्यायाने ती पुढे येते आणि ब्राउझर लगेच चित्र दाखवू लागतो. तिसरा आवाजाचा, तो पावसाच्या ओघात सांगतो.

रूपांतर आधीच झालेलं असल्यामुळे जेलीफिनला आता जसंच्या तसं पाठवण्यापलीकडे काम नाही. कुठपर्यंत बघितलं ते तो लक्षात ठेवतो, हा त्याचा मोठा उपयोग. पण ज्यांना तेही नको, त्यांनी फोल्डर दाखवणारा साधा वेबसर्व्हर लावला तरी भागतं. फक्त पायथॉनसोबत येणारा छोटा सर्व्हर त्यासाठी वापरू नका. ब्राउझर जेव्हा फाइलचा मधलाच भाग मागतो, तेव्हा तो मागणी ओळखत नाही आणि पुढे सरकताच येत नाही. कॅडी किंवा एनजिनएक्स घ्या.

कॅडी मला आणखी एका कारणासाठी लागला. कंपनीच्या ताब्यातल्या ब्राउझरमध्ये स्वतः बनवलेल्या सुरक्षा प्रमाणपत्राची (https साठी लागतं ते) धोक्याची सूचना ओलांडू न देण्याची सोय कंपनीकडे असते, आणि माझ्या लॅपटॉपवर ती सुरू होती. मग स्वतःचं डोमेन घेतलं, डीएनएसद्वारे खातरजमा करून लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या सेवेचं ९० दिवसांचं प्रमाणपत्र मिळवलं (कॅडी ते आपोआप नवं करतो), आणि ते नाव घरातल्याच १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्याकडे वळवलं. बाहेर काहीच उघडं पडत नाही. काही राउटर मात्र खासगी पत्ता देणारं उत्तर संशयाने गाळून टाकतात. तेव्हा राउटरच्या सेटिंगमध्ये आपल्या डोमेनला सूट द्यावी लागते. नाव बरोबर, प्रमाणपत्र बरोबर, तरी पान उघडत नसेल तर आधी इथे बघा.

ऑफिसचं व्हीपीएन सुरू असताना यातलं काहीच दिसत नाही. सगळी रहदारी कंपनीकडून जाते, घरातला संगणक शेजारच्या खोलीत असून परका होतो. मी काम संपलं की व्हीपीएन बंद करतो, तेवढी मुभा आमच्याकडे आहे. जिथे व्हीपीएन बंदच करता येत नाही, तिथे हा खेळ संपला असं समजा. त्यातून पळवाटा काढण्यात नोकरी घालवण्यासारखं काही नाही. जुना टॅबलेट घ्या.

आता पाऊस. फ्री डिश ज्या लहरींवर येते त्या केयू बँडला जोरदार सरीचं वावडं आहे. जुलैत चांगली झोड उठली की सिग्नल पडतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये चौकटी, खंड, गोठलेले चेहरे. मोठी छत्री लावून थोडा फायदा होतो, पूर्ण नाही. त्याहून छळवादी प्रकार म्हणजे अशा तुटक फाइलचं रूपांतर केलं की हळूहळू आवाज पुढे आणि ओठ मागे पडत जातात. निवेदिका अजून हवामान सांगतेय आणि आपल्याला तिचा शेवटचा नमस्कार ऐकू येतो. एफएफएमपेगला आवाजासाठी aresample, देवनागरीत सांगायचं तर ‘एरीसॅम्पल’, हा फिल्टर ‘असिंक’ (async) एक करून दिला की तो रिकाम्या जागा भरून आवाज रुळावर ठेवतो. हाच तो तिसरा बारकावा.

विजेचं म्हणाल तर डेस्कटॉप नुसता बसून साधारण ३५ वॉट खातो, म्हणजे महिन्याला २५ युनिट. फार नाही, पण फुकटही नाही. बायोसमध्ये ‘वीज आल्यावर आपोआप चालू’ हा पर्याय लावून ठेवा, नाहीतर दुपारी दोन मिनिटं वीज गेल्यामुळे संध्याकाळचं सगळं हुकतं.

बाहेरगावाहून बघण्याचा नाद मी लॅपटॉपपुरता सोडला. बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडे ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडून उपयोग नसतो. टेलस्केल या घरच्या नेटवर्कशी खासगी जोडणी करून देणाऱ्या ॲपने वाट निघते, पण ते लॅपटॉपवर टाकता येत नाही. मग स्वतःच्या फोनवर टाकलं. गेस्टहाउसमध्ये फोनच्या पडद्यावर बातम्या बघायला मला काही कमीपणा वाटत नाही.

ओळखीत कळलं की ‘मलाही पाठव ना ती मैफल’ सुरू होतं. कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या कलम ३९ नुसार प्रसारणाचं रेकॉर्डिंग करणाऱ्याने स्वतःच्या खासगी वापरासाठी ते केलं तर हक्कभंग होत नाही. व्हॉट्सॲप ग्रुप हा काही खासगी वापर नव्हे. त्यामुळे ज्यांना हवंय त्यांना मी छत्री कुठे मिळते ते सांगतो.