चटणीला तीन स्टार, 'सासूबाई थकल्यात'ला शून्य

यंदा आमच्या घरात चटणी वेळेवर कुटली नाही. कोल्हापुरात नुसतं चटणी म्हटलं की ती कांदा-लसूणच, बाकीच्यांना नाव लावून सांगावं लागतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, न्हाणीत घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. माझी पतसंस्थेतली नोकरी, त्यात मार्चएंड. तीन किलो मिरचीची देठं मोडणार कोण, आणि मसाला कुटायच्या डंकावर नाकाला पदर लावून तास-दीड तास थांबणार कोण?

नेमकं त्याच आठवड्यात फेसबुकवर कोल्हापूरच्या एका ग्रुपमध्ये कुणा बाईंनी विचारलेलं दिसलं : 'मैत्रिणींनो, सासूबाई थकल्यात, यंदा चटणी होणार नाही. घरच्यासारखी कुठं मिळेल?' मी म्हटलं, अगं बाई, ही तर मीच. खाली पाच-सहा उत्तरं, सगळी एकाच ब्रँडचं नाव घेणारी. एकीला आजीच्या हाताची आठवण आली होती. दुसरीनं फोटो टाकला होता : स्टीलची परात, कडेला पोचा आलेला, खाली निळ्या चौकड्यांचा पंचा, मधे चटणीचा ढीग. खरं सांगते, मी त्या पोच्याला फसले. जाहिरातीतल्या परातीला पोचा नसतो.

ब्रँडचं नाव इथं घेत नाही. एक किलोचे ८४० रुपये, पोचवायचे ६० वेगळे, पैसे आधी.

आता मालाबद्दल. चौथ्या दिवशी घरात आला. डबल पाउच, तेलाचा एक थेंब बाहेर नाही, ह्याला पूर्ण मार्क. मागची बाजू वाचायची माझी सवय. 'अटी लागू' छापलेले अर्ज लोकांपुढं सरकवण्यात वीस वर्षं गेली. परवान्याचा चौदा आकडी नंबर होता. पॅकिंगचा पत्ता मात्र पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतला. म्हणजे लक्ष्मीपुरीचा मसाला बाजार घरापासून चालत दहा मिनिटांवर असताना मी कोल्हापुरी चटणी पुण्याहून कोल्हापुरात मागवली होती. त्याखाली घटक पदार्थ. हे वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. मिरची, धने, मग मीठ, मग तेल, मग 'कांदा पावडर', आणि खोबरं पार खाली, तिळाच्या शेजारी.

मी आत्तींना काही बोलले नाही. बशीत चमचाभर काढून पुढं ठेवली. त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मीठ हाय की गं नुसतं." मग जरा थांबून, "आणि मी सांगतो तुला, ह्यो कांदा भाजल्याला न्हवं. पूड घातल्या ह्यात." पाउच अजून त्यांनी बघितलंही नव्हतं.

आमच्याकडे अशी होते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, आणि जाऊबाईंच्या घरचे येणार असतील तर मूठभर लवंगी. मिरची दोन दिवस उन्हात कडकडीत, मग तेलाच्या हातानं जरा परतून. धने, जिरं, तीळ, खोबरं, दगडफूल एकेक वेगळं भाजायचं, एकत्र टाकलं तर जिरं जळतं आणि खोबरं कच्चं राहतं. कांदा उभा चिरून तेलात इतका वेळ परतायचा की घर दोन दिवस त्याच वासाचं राहतं. पहिल्यांदा मिरची आणि मसाला कुटून घ्यायचा, आणि नंतर कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर, खडेमीठ घालून पुन्हा डंकाखाली. कांद्याचा ओलसरपणा आणि खोबऱ्याचं तेल त्या दुसऱ्या कुटण्यात मुरतं. बरणीच्या तळाला हिंगाचा खडा. मग वर्षभर बघायला नको.

त्यापुढं हे पाउच काय टिकणार? तरी अन्याय नको म्हणून रविवारी मटणाला हीच घातली. रंग चांगला आला. त्याआधी पाण्याच्या ग्लासात चिमूटभर टाकूनही बघितली होती. कृत्रिम रंग असला की पाण्यात रंगीत रेघा खाली उतरतात, तशा उतरल्या नाहीत. तिखट बरोबर. पण तांबड्या रश्शावर कट म्हणून जो यावा लागतो तो आलाच नाही, वरून दोन चमचे तेल सोडावं लागलं, आणि मीठ न घालताही रस्सा खारटाकडं झुकला. आमचे हे दोन वाट्या प्याले आणि म्हणाले, "चांगला झालाय की." त्यांचं मत मी धरत नाही.

हॉस्टेलवरच्या पोरांना, परगावी नोकरी करणाऱ्यांना मी ही चटणी घ्या म्हणेन. भेसळ दिसली नाही, पुडी फुटत नाही. फक्त मीठ हात राखून घाला. माझं परीक्षण इथंच संपायचं, पण दहाव्या दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज आला.

'ताई, चटणी आवडली ना? आमच्या परिवारात या. तुमच्या एरियाच्या ग्रुपमध्ये एक पोस्ट टाका आणि अर्धा किलो मोफत मिळवा.' खाली लिहिलेलं, 'तुमच्या शब्दांत लिहा'. आणि त्याच्याही खाली ते माझे शब्द, चार नमुन्यांत, तयार. पहिल्यात हॉस्टेलवरचा मुलगा, दुसऱ्यात परदेशी निघालेली नणंद. तिसरा नमुना मी उभी होते तिथं खाली बसून वाचला : 'मैत्रिणींनो, सासूबाई थकल्यात, यंदा चटणी होणार नाही.' सोबत फोटो. स्टीलची परात, कडेला पोचा.

रात्री जेवणं झाल्यावर मी सांगली, इचलकरंजी आणि पुण्यातले कोल्हापूरकर असे तीन ग्रुप धुंडाळले. तिन्हीकडं सासूबाई थकलेल्या. सांगलीत जिनं विचारलं होतं तीच इचलकरंजीत उत्तर देत होती, आणि आजीच्या हाताची आठवण तिला दोन्हीकडं आली होती. परात एकच, पंचाही तोच.

आमचा भाचा हॉटेलांच्या रील करतो. त्याला दाखवलं तर तो हसायलाच लागला. "मामी, ह्याला बार्टर म्हणतात. मीपण दोन थाळ्या खाऊन रील टाकतो की." मग जाहिरात आहे असं लिहितोस का, विचारलं. "लिहितो. हॅशटॅगमध्ये असतं." बघितलं तर रंकाळा, नादखुळा, तांबडापांढरा अशा वीस-बावीस हॅशटॅगच्या गर्दीत अठराव्या नंबरला 'ॲड' हे एवढंसं पिल्लू.

मला नियम वाचायची खोड आहे, वाचले. जाहिरात मानक परिषद, जिला ॲस्की म्हणतात, तिचे इन्फ्लुएन्सरांसाठीचे नियम २०२१ पासून आहेत. पैसेच घ्यायला हवेत असं नाही. फुकट माल, सूट, सहल, बक्षीस, काहीही घेऊन लिहिलं की ती जाहिरात. तशी खूण बघणाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाही अशा जागी हवी, हॅशटॅगच्या ढिगात पुरलेली चालत नाही. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ती निदान तीन सेकंद दिसावी लागते. जाहिरात मराठीत असेल तर खूणही मराठीत चालते. हे ऐकल्यावर भाचा गप्प झाला, आणि मग 'तीन सेकंदं लई होतात मामी' म्हणाला. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानंही मार्गदर्शक सूचना काढल्या. शिफारस करणाऱ्याचे विकणाऱ्याशी काही देण्याघेण्याचे संबंध असतील आणि ते लोकांच्या ध्यानात येण्यासारखे नसतील, तर ते उघड करायचे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा सापडलं तर पन्नास लाखांपर्यंत. तक्रारीला १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. अर्धा किलो चटणीसाठी मी तो फिरवला नाही, हे कबूल करते.

मी फक्त त्या मेसेजला उत्तर दिलं : लिहिते, पण पहिल्याच ओळीत 'ही जाहिरात आहे, मला अर्धा किलो चटणी फुकट मिळाली' असं लिहीन. दोन मिनिटांत उलट उत्तर. 'ताई तसं नको. नॅचरल वाटलं पाहिजे.'

मग ज्या पोस्टनं मला ओढलं होतं तिच्याखाली मिठाचं, कटाचं आणि परातीचं जसं होतं तसं लिहिलं. संध्याकाळी बघितलं तर माझी कॉमेंट गायब. सासूबाई मात्र तिथं अजून थकलेल्याच आहेत, आणि खाली अकरा नवीन उत्तरं.

आमच्या सासूबाईंचं प्लास्टर एप्रिलच्या शेवटी निघालं. वळीव गाठायच्या आत दीड किलो तरी कुटून घे म्हणून त्यांनी माझ्यामागं धोशा लावला. देठं त्यांनी मोडली, डाव्या हातानं, तीन दिवस. कांदा मी परतला. डंकावर माझ्यापुढं सात जणी होत्या. मागं पिशवी घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंनी नाकाचा पदर जरा बाजूला करून विचारलं, "एकट्याच आलासा? सासूबाई थकल्या व्हय?"

मी आधी त्यांच्या पिशवीत बघितलं. मिरचीच होती.